पहाटे साडेपाचला बरा होणारा दोष

विहिरीवरची मोटार बंद पडते; मिस्त्रीला आणावे तर त्याच्यासमोर निमूट चालते, आणि त्याची पाठ वळली की पुन्हा बंद! आपल्या यवतमाळ जिल्ह्यात हा अनुभव नसलेला शेतकरी विरळाच. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनाही असेच एक दुखणे जडलेले आहे.

प्रोग्रॅममध्ये कोणी बदल केला की तो तपासणाऱ्या शेकडो चाचण्या आपोआप चालतात. त्यांतील काही लहरी निघतात. एका अक्षराचाही फरक न करता सकाळी नापास, दुपारी पास! यावरचा रूढ उपाय म्हणजे 'पुन्हा चालवून पाहा'. पास झाली की विषय मिटला. माझ्या मते हा उपाय नव्हे, पळवाट आहे.

इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली अपाची संस्थेच्या ५१ मुक्तस्रोत प्रकल्पांतील, म्हणजे ज्यांचा प्रोग्रॅम कोणालाही वाचता व सुधारता येतो अशा प्रकल्पांतील, दुरुस्त्या अभ्यासल्या. कारण स्पष्ट झालेल्या दुरुस्त्यांपैकी सुमारे ४५ टक्क्यांत दोष एकाच जातीचा होता : उत्तर येण्याची नीट वाट न पाहताच चाचणी निकाल देऊन मोकळी! लहर कसली, ही तर घाई.

आता आपल्याकडचे पाहा. भारताचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. प्रोग्रॅमने तारीख जागतिक वेळेने घेतली आणि चाचणीने स्थानिक वेळेने, तर आपल्याकडे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत दोन्ही तारखा जुळतच नाहीत. रात्री जागणाऱ्या विद्यार्थ्याची चाचणी नापास होते; सकाळी चहा घेऊन पुन्हा चालवली की पास. लंडनला हिवाळ्यात हा दोष दिसणारच नाही! तसेच अंकांचे. संगणकाची भाषा मराठी ठेवली की अनेक प्रणाली १२ हा आकडा देवनागरीत लिहितात. इंग्रजी अंकांची अपेक्षा धरून बसलेली चाचणी तिथे कोसळते. हिंदी ठेवली तर बहुधा कोसळत नाही, हे आणखी विशेष.

अशा वेळी वणी-पुसदच्या मुलाला वाटते, आपलेच काही चुकले असेल. पुण्या-मुंबईच्या वा परदेशच्या लोकांकडे तर चालते! हा न्यूनगंड मला घातक वाटतो. जो दोष तिथे दिसत नाही, त्याचा साक्षीदार हाच मुलगा आहे.

'आमच्याकडे होत नाही' या उत्तराची किंमत कधी फार मोठी असते. थेराक-२५ या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना भयंकर जास्त मात्रा दिली, काही दगावले. उत्पादकांच्या तंत्रज्ञांना दोष पुन्हा घडवता येत नव्हता. अखेर १९८६ मध्ये टेक्सासमधील टायलरच्या रुग्णालयातील भौतिकतज्ज्ञ फ्रिट्झ हेगर यांनी यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञासह पुन्हा पुन्हा प्रयोग करून तो पकडला. माहितीतील दुरुस्ती फार वेगाने टंकित केली, तरच यंत्र चुकत होते.

दोन प्रतींतील पाठभेद टिपणाऱ्या कला शाखेच्या विद्यार्थ्याला हे काम परके नाही. चाचणी किती वाजता पडली, संगणकाची भाषा कोणती होती, तिच्याआधी कोणती चाचणी चालली होती, एवढे लिहून ठेवावे. तारखेचा संशय असेल तर भरदुपारी घड्याळ रात्रीच्या दोनवर लावून चाचणी चालवावी. नापास झाली, तर तक्रारीत तेवढेच लिहून पाठवावे.