रजा वाढवा, मग बूट घ्या

या आठवड्यात एका वाचक दांपत्याने त्यांच्या एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकचं वेळापत्रक मला पाठवलं. ते ५८ वर्षांचे, त्या ५४ च्या. दोघंही नोकरी करतात, संध्याकाळी तासभर चालतात, वर्षातून दोन-तीनदा एखादा गड करतात. प्रश्न एकच होता: ‘आमचा स्टॅमिना पुरेल का?’ मी कागद वाचला आणि माझं डोकं तापलं. राग त्यांच्यावर नाही, कागद करणाऱ्यांवर. नामचे बाजारला एक मुक्काम, दिंगबोचेला एक मुक्काम, लुक्लाला विमानातून उतरल्यापासून सहाव्या दिवशी बेस कॅम्प आणि परतीला हेलिकॉप्टर. वर ठळक अक्षरात लिहिलंय, ‘नोकरदारांसाठी खास’.

स्टॅमिन्याचं नंतर पाहू. आधी हे दिवस मोजू या.

उंचीवर माणूस कसा रुळतो, हे जिने फार मोठी किंमत देऊन शिकून घेतलं ती आपली सेना आहे. १९६२ च्या युद्धात सपाटीवरचे तरुण सैनिक घाईघाईने उंचावर न्यावे लागले, आणि धडधाकट पोरं शत्रूची गाठ पडण्याआधीच नुसत्या विरळ हवेने आजारी पडली. डोकेदुखी, उलट्या, काहींच्या फुफ्फुसांत पाणी, काहींच्या मेंदूला सूज. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी लष्करी डॉक्टरांनी अशा १,९२५ सैनिकांचा अभ्यास करून १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निबंध लिहिला. उंचीच्या आजारावर जगभर जे लिहिलं जातं, त्यात आजही त्याचा हवाला दिला जातो. त्यातले रुग्ण कोण होते ते लक्षात घ्या. भरतीच्या वेळी धावून, छाती मोजून, पारखून घेतलेले जवान होते ते. फिटनेसने उंचीचा त्रास टळत असता, तर त्यांचा टळला असता.

आज सेनेचा नियम काय आहे? ९ ते १२ हजार फुटांच्या टप्प्यात सहा दिवस. पहिले दोन दिवस निव्वळ विश्रांती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सपाटीवर दीड ते तीन किलोमीटर, तेही सावकाश. पाचव्या-सहाव्या दिवशी पाच किलोमीटरपर्यंत, थोड्या चढासह. १२ ते १५ हजारांच्या टप्प्यात आणखी चार दिवस. १५ हजारांच्या वर जायचं तर आणखी चार. म्हणजे एकूण चौदा. आणि हा जवान चार आठवड्यांहून जास्त रजेवर घरी राहून आला, तर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. ‘आम्ही दोन वर्षांपूर्वी लेहला जाऊन आलो, आम्हाला काही होत नाही,’ असं सांगणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य दोनदा वाचावं.

आता शेजारी हा कागद ठेवा. नामचे ३,४४० मीटरवर, म्हणजे सेनेच्या पहिल्या टप्प्यात. दिंगबोचे ४,४१० वर, दुसऱ्या टप्प्याच्या जवळजवळ माथ्यावर. लोबुचे ४,९०० च्या पुढे, तिसऱ्यात. बेस कॅम्प ५,३६४. विशीतल्या जवानाला लोबुचेइतक्या उंचीवर जाण्यासाठी दहा दिवस थांबवून ठेवतात. आणि ५८ वर्षांच्या नोकरदाराला लुक्ला सोडल्यावर पाचव्याच दिवशी तिथे झोपवायचं?

कुणी म्हणेल, जवान तिथे महिनोन्‌महिने राहतो, ओझी वाहतो, त्याला लढायचं असतं. आपण बेस कॅम्पला तासभर थांबून खाली येतो. बरोबर आहे. म्हणून तर ट्रेकरला चौदा दिवस कुणी मागत नाही. गिर्यारोहण-वैद्यकातला सर्वमान्य दंडक बराच सौम्य आहे: ३,००० मीटरच्या वर गेलात की झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम जास्तीचा करा. खुंबूतले, म्हणजे एव्हरेस्टच्या या भागातले, अनुभवी लोक नामचेला दोन आणि दिंगबोचेला दोन मुक्काम करतात ते याचसाठी. त्या जास्तीच्या दिवशी चढून थोडं उंच जायचं आणि झोपायला खाली यायचं. या हिशेबाने बेस कॅम्प आठव्या दिवशी येतो, आणि तरीही दंडक जेमतेमच पाळला जातो. या कागदाने काय केलंय, तर नेमके तेच दोन दिवस कापले आहेत. ते ‘आरामाचे’ दिवस वाटतात ना. शरीर सगळ्यात जास्त काम करतं ते त्याच दिवशी.

ते काम कुठे चालतं हे कळलं की व्यायामाचा गैरसमजही सुटतो. बेस कॅम्पवर श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या जवळपास निम्माच असतो. शरीर जास्त श्वास घेऊ लागतं, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्ताचं रसायन बिघडतं आणि ते जागेवर आणायचं काम मूत्रपिंडं करतात. त्यांना दिवस लागतात. लघवीला वारंवार जावं लागतं ते यामुळेही. मांडीच्या स्नायूंचा या कामाशी संबंध नाही. जिममध्ये चार महिने घाम गाळलात तरी मूत्रपिंडं एक दिवसही लवकर आवरत नाहीत.

म्हणून बेताच्या तब्येतीच्या माणसाला मी नेहमी सांगत आले आहे: तुम्ही हळू चालता, हा तुमचा फायदा आहे. सिंहगड घड्याळ लावून चढणाऱ्यांबद्दल माझं मत जुन्या वाचकांना पाठ आहे, तरी पुन्हा सांगते. आतकरवाडीतून किती मिनिटांत वर गेलो, याच्यावर ज्यांची सगळी तयारी उभी असते, तेच नामचेच्या चढावर पुढे पळतात आणि तेच रात्री डोकं धरून बसतात. याला माझ्याकडे आकडे नाहीत, वर्षानुवर्षं पाहिलेल्या माणसांवरून म्हणते आहे. पण मला याची खात्री आहे.

मग व्यायाम करायचा नाही का? करायचा, पण रोज पाच-सहा तास चालून दुसऱ्या दिवशी पुन्हा उठता यावं यासाठी. चार महिने हाताशी ठेवा. आठवड्यातले पाच दिवस चाला, दोन दिवस जिने चढा-उतरा, पाठीवर सहा-सात किलोची सॅक असू द्या. वेग असा ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल. आणि एकाच गडावर थांबू नका, राजगड-तोरणासारखा सलग दोन दिवसांचा ट्रेक करा. पायांचं खरं गणित दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं, गुडघ्यांचं उतारावर. बूट याच काळात घाला आणि रुळवा. उंचीच्या त्रासासाठीची डायमॉक्स गोळी हवी का, हे डॉक्टरांना विचारा. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा. गोळीने रुळायला मदत होते, पण कापलेले दिवस तिने भरून निघत नाहीत.

ऑक्सिमीटर न्या हवं तर, पण गारठलेल्या बोटाला लावून आलेल्या आकड्याने घाबरू नका आणि चांगल्या आकड्याने निर्धास्तही होऊ नका. त्यापेक्षा सोबतच्या माणसाकडे बघा. जेवण नको म्हणतोय का, डोकं दुखतंय का, सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालता येतंय का, बसल्या जागी धाप लागतेय का. रात्री झोपेत त्याचा श्वास मध्येच थांबल्यासारखा होईल आणि मग दोन-तीन खोल श्वास येतील. नवख्याला ते ऐकून धडकी भरते, पण त्या उंचीवर हे पुष्कळांना होतं. तोल जाणं किंवा बसून धाप लागणं मात्र तसं नाही. तेव्हा सकाळची वाट पाहायची नाही, लगेच खाली उतरायला लागायचं.

तर या दांपत्याला माझं उत्तर असं. स्टॅमिना पुरेल. रजा आणखी पाच दिवसांनी वाढवा: दोन नामचे-दिंगबोचेसाठी, एक अंग मोडून आलं तर, दोन लुक्लाच्या विमानासाठी, कारण ढग उतरले की ते उडत नाही. इतकी रजा मिळत नसेल तर तेंगबोचेपर्यंत जा. ३,८६० मीटरवरच्या त्या मठाच्या अंगणातून एव्हरेस्ट आणि अमा दब्लम दोन्ही दिसतात. ट्रेक नेणाऱ्या कंपनीला लेखी विचारा की वाटेत कुणी आजारी पडलं तर त्याच्याबरोबर कोण उतरणार आणि उरलेल्यांबरोबर कोण राहणार. विम्यात किती मीटरपर्यंतचं हेलिकॉप्टर धरलंय, तेही वाचून घ्या. आणि तुम्हा दोघांपैकी एकाला परत फिरावं लागलं तर दुसऱ्याने काय करायचं, ते घरीच ठरवा. आजारी माणसाला एकट्याने खाली पाठवायचं नसतं, आणि लोबुचेच्या थंडीत, डोकं जड झालेलं असताना, हा निर्णय कुणालाच धड घेता येत नाही.