नागिणीचं तोंड आणि शेपूट

आमच्या बचत गटात साठीच्या एक मावशी आहेत. गेल्या पावसाळ्यात मीटिंगमध्ये सारख्या डाव्या बरगडीवर हात दाबून बसायच्या. विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही गं, आग आग होतेय. पित्त असेल." मीही मोठ्या शहाणपणाने त्यांना आमसुलाचं सार घ्यायला सांगितलं! तीन-चार दिवसांनी तिथेच लाल चट्टा उठला, वर पाण्याने भरलेल्या फोडांचे घोस. पण जागा छातीखालची, दाखवणार कुणाला? शेवटी शेजारणीने ओळखलं, नागीण. मग काव लावून झाली, मंत्र टाकणाऱ्याकडे दोन खेपा झाल्या. तोंड-शेपूट मिळायच्या आत उतरवायला हवी, एवढी एकच घाई सगळ्यांना. मला कळून आम्ही डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा आठवडा उलटला होता.

मैत्रिणींनो, या आजाराचं नावच घात करतं असं मला वाटतं. नागीण म्हटलं की मांत्रिक आलाच. खरं तर लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या, तरी त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो. वय झालं, मधुमेह असला, प्रतिकारशक्ती कमी झाली, की तो पुन्हा डोकं वर काढतो आणि एकाच मज्जातंतूच्या वाटेने पुढे सरकतो. म्हणून पट्टा उठतो, तोही बहुधा शरीराच्या एकाच बाजूला. तो मध्यरेषेशी आपसूकच थांबतो. तोंड-शेपूट मिळून माणूस दगावतो, हे निव्वळ भय!

आणि मंत्राने गुण येतो म्हणतात, त्याचं काय? फोड एरवीही दोन-चार आठवड्यांत सुकतातच. श्रेय मांत्रिकाला मिळतं. मागे राहतात त्या वेदना, कधी कधी महिनोन्महिने. उतारवयात तर जास्तच.

घाई हवीच, पण डॉक्टरांकडे जाण्याची. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या, तर त्यांचा उपयोग सर्वांत चांगला होतो. उशीर झाला म्हणून घरी मात्र बसू नये. कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले, तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठावेत, नजरेचा प्रश्न असतो. फोडांतल्या पाण्याने दुसऱ्याला नागीण होत नाही, पण ज्याला कांजिण्या आलेल्या नाहीत त्याला त्या होऊ शकतात. तेव्हा फोड झाकलेले ठेवावेत. घरात गरोदर सून किंवा तान्हं बाळ असेल तर विशेष जपावं. पन्नाशीनंतर घ्यायची दोन डोसची लस २०२३ पासून आपल्याकडेही मिळते. महाग आहे, पण डॉक्टरांना विचारून तर बघा.

मला खरा राग येतो तो आपल्या लाजेचा. पाठीवर, छातीखाली, मांडीवर काही उठलं की आपण पदर ओढून घेतो. ब्लाऊज काचला असेल, घामोळं असेल, अशी स्वतःचीच समजूत घालतो. त्यातच ते ७२ तास निघून जातात.

मावशींना अजूनही हूक लावलेला ब्लाऊज सोसवत नाही, सैल गाऊनच घालतात. परवा गटातली एकजण पाठीत आग होतेय म्हणाली, तर मावशी हिशेबाची वही तिथेच टाकून उठल्या आणि तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. "लाजू नको, आधी पाठ दाखव मला!" असं दरडावताना आम्हाला बाहेर ऐकू आलं.