किती काळी टाकू?

जालन्यात गाड्यांच्या सजावटीच्या कोणत्याही दुकानात नवी गाडी नेली, की सीटकव्हर आणि मॅटिंगचा भाव ठरल्यावर कारागीर विचारतो, "भाऊ, काचा किती काळ्या टाकू?" घनसावंगीहून, कुंभार पिंपळगावहून, तीर्थपुरीहून गेलेला आपला माणूस सांगतो, "टाका फुल." विचारणारा आणि सांगणारा, दोघांचं एका गोष्टीवर एकमत असतं: काच जितकी काळी, गाडी तितकी थंड. माझं भांडण या एकमताशी आहे. काचेला काही लावलं दिसलं की पावती फाडणाऱ्यांशीही आहे, पण ते पुढे येईल.

आधी काळ्या काचेवाल्यांचं म्हणणं नीट ऐकून घेऊ. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. तहसीलपुढे तासभर उभी केलेली गाडी उघडली की स्टिअरिंगला हात लावता येत नाही, सीटबेल्टचं बक्कल चटका देतं, मागे बसलेलं लेकरू रडायला लागतं. एसी पूर्ण सोडला तरी अंबड येईपर्यंत गाडी निवत नाही. "ज्यांनी नियम केले त्यांनी एकदा मे महिन्यात दुपारी जांबसमर्थला येऊन दाखवावं," असं लोक म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. दुसरं म्हणणं घरातल्या बायाबापड्यांचं: बाहेरच्याने आत डोकावू नये. तिसरं म्हणणं कुणी तोंडाने बोलत नाही, पण ते सर्वात जोरकस असतं. पांढरी मोठी गाडी, काळ्याभोर काचा, पुढे पदाची पाटी. गाडी थांबली की आत कोण आहे याचा अंदाज गावाने बांधत बसायचा.

या तिसऱ्याला उत्तर द्यायची गरज नाही. ज्याला आपलं वजन काचेवरून ठरवायचं आहे, त्याला प्रकाशाचा हिशेब सांगून उपयोग होत नसतो.

उन्हाचं मात्र नीट पाहू. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेपैकी डोळ्याला दिसणारा प्रकाश निम्म्याहून कमी असतो. निम्म्याच्या आसपासची ऊर्जा अवरक्त किरणांची, म्हणजे डोळ्याला न दिसणारी. उरलेली थोडी अतिनील, जी कातडी करपवते आणि डॅशबोर्डला तडे पाडते. दुकानातली स्वस्त काळी फिल्म म्हणजे रंग भरलेला पातळ प्लास्टिकचा पदर. ती दिसणारा प्रकाश दाबते. अवरक्त किरणांचा मोठा भाग तिच्यातून सरळ आत येतो. शिवाय जो प्रकाश ती शोषते त्याची उष्णता होऊन काचच तापते आणि ती तापलेली काच आत बसलेल्याच्या दंडावर उष्णता फेकत राहते. काळ्या काचांच्या गाडीत दुपारी दोन वाजता काचेला आतून हात लावून पाहा, शंका उरणार नाही. काळी फिल्म काहीच करत नाही असं मी म्हणत नाही. प्रकाशातही ऊर्जा असतेच, ती अडली तर तेवढा फरक पडतो. पण त्या थोड्या फरकासाठी आपण नजर गहाण टाकतो, आणि खरी उष्णता ज्या दारातून येते ते दार उघडंच राहतं.

याउलट सिरॅमिकची किंवा धातूच्या अतिसूक्ष्म थरांची चांगली फिल्म पाहायला जवळजवळ पारदर्शक असते, तरी अवरक्त किरणांचा बराच भाग थोपवते. बऱ्या दुकानात याची चाचणी असते. एक तापणारा लाल दिवा, त्याच्यासमोर काचेचे दोन तुकडे, एकाला काळी फिल्म लावलेली आणि दुसऱ्याला फिकी. मागे तळहात धरायचा. काळ्या तुकड्यामागे चटका जाणवतो, फिक्यामागे हात निवांत राहतो. गिऱ्हाईक दोनदा तुकडे उलटसुलट करून पाहतं, कारण डोळा एक सांगतो आणि हात दुसरं. ही चाचणीही अर्धीच खरी आहे, हेही सांगायला हवं: दिव्यात अवरक्त किरण उन्हापेक्षा जास्त असतात, त्यामुळे फिक्या फिल्मची करामत दुकानात रस्त्यापेक्षा मोठी दिसते. म्हणून दिव्यावर न भुलता कागद मागावा. चांगल्या फिल्मच्या कागदावर दोन वेगळे आकडे असतात, एक दिसणारा प्रकाश किती आत सोडते याचा आणि दुसरा एकूण सौरऊर्जा किती अडवते याचा. आपण पहिला आकडा पाहून दुसरा समजल्याचा आव आणतो. सगळी फसगत तिथे आहे.

त्या पहिल्या आकड्याचाही आपल्या भागात एक खास घोटाळा होतो. बियाण्यासाठी किंवा भाज्यांसाठी शेडनेट उभारणाऱ्यांना टक्केवारी तोंडपाठ असते. पन्नास टक्क्यांची नेट, पंच्याहत्तर टक्क्यांची नेट. तिथे पंच्याहत्तर म्हणजे पंच्याहत्तर टक्के ऊन अडलं. काचेच्या फिल्मवरचा आकडा बरोबर उलटा आहे. तिथे सत्तर म्हणजे सत्तर टक्के प्रकाश आत आला. शेतकऱ्याने "वीसची द्या, हलकी" म्हणावं आणि कारागिराने ऐंशी टक्के अंधार चिकटवून द्यावा, असा हा प्रकार.

याहून मोठी चूक गुणाकाराची आहे. कंपनीतून आलेली काचही शंभर टक्के पारदर्शक नसते. हिरवट झाक असलेली काच साधारण पंच्याहत्तर टक्क्यांच्या आसपास प्रकाश सोडते. तिच्यावर पन्नासची फिल्म लावली तर पन्नास राहत नाहीत, पंच्याहत्तरचे पन्नास टक्के, म्हणजे साडेसदतीस राहतात. पस्तीसची लावली तर सव्वीस. पाचची, म्हणजे आपल्याकडची "फुल", लावली तर चारही उरत नाहीत. उलट सत्तरची लावली तर साडेबावन्न येतात. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 100 सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान सत्तर टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान पन्नास टक्के प्रकाश आत गेला पाहिजे. हा हिशेब पूर्ण काचेचा आहे, नुसत्या फिल्मचा नाही. दुकानदार "नियमातली पन्नासची" म्हणून जी विकतो, ती काचेवर बसताक्षणी नियमाबाहेर गेलेली असते. पुढच्या काचेला तर वावच नाही. पंच्याहत्तरच्या काचेवर नव्वदची फिल्म लावली तरी साडेसदुसष्ट.

काहींना हे नियम म्हणजे सरकारी किरकिर वाटतात. त्यांनी नोव्हेंबरनंतर एखाद्या रात्री तीर्थपुरी ते अंबड गाडी चालवावी. अंकुशनगरचा समर्थ आणि तीर्थपुरीचा सागर हे कारखाने चालू असतात. उसाने भरलेले ट्रॅक्टर एकामागे दोन ट्रॉल्या घेऊन निघतात. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तरी वाढ्यांनी झाकलेला. बैलगाडीला तर कंदीलही नसतो. रस्त्यावर दिवे नाहीत, समोरून येणाऱ्याचा अप्पर डोळ्यांत घुसलेला. अशा वेळी फाट्यावर वळताना डाव्या काचेतून जे अंधूक हलताना दिसतं, तो माणूस की बोरीचं झुडूप, हे ठरवायला निमिषभर वेळ मिळतो. त्या निमिषात सव्वीस टक्क्यांची काच तीन चतुर्थांश उजेड खाऊन टाकते. मग लोक काय करतात? काच खाली करून डोकं बाहेर काढून वळतात. ज्या काचेतून पाहण्यासाठी ती खाली करावी लागते, ती बसवली कशाला?

आडोशाचं म्हणणं मी हलकं समजत नाही. पण दिवसा बाहेर लख्ख ऊन आणि आत सावली असल्यामुळे पन्नास टक्क्यांच्या काचेतूनही रस्त्यावरच्याला आतलं स्पष्ट दिसत नाही. रात्री आतला दिवा बंद असला की तेवढंच. त्यापलीकडचा अंधार बाईच्या कामाचा नाही. 16 डिसेंबर 2012 ला दिल्लीत ज्या बसमध्ये तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला, तिच्या काचा काळ्या होत्या, पडदे होते, आणि ती शहरातल्या रस्त्यांवरून फिरत राहिली. आतली बाई बाहेरच्यांना दिसू नये असं वाटणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावं की मदतीला येऊ शकणाराही बाहेरच असतो.

"परदेशात चालतं" हेही एक ठेवणीतलं वाक्य. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. कॅलिफोर्नियात चालकाच्या बाजूच्या काचेला सत्तर टक्के लागतात. टेक्ससमध्ये पंचवीस चालतात, फ्लोरिडात अठ्ठावीस. उन्हाळी राज्यांनी सूट दिली, हे खरं. ब्रिटनमध्ये मागच्या काचा हव्या तितक्या काळ्या करा म्हणतात, पण चालकाशेजारच्या काचेतून सत्तर टक्के गेलेच पाहिजेत. म्हणजे तिथेही मुद्दा आकड्याचा आहे, आणि चालवणाऱ्याची नजर कुणी सोडून दिलेली नाही. तिथले रस्ते आणि तिथल्या ट्रॉल्यांचे मागचे दिवे इथे आणा, मग टेक्ससचे पंचवीस मागू.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. "काचेवर काहीही चिकटवलेलं असलं की गुन्हा" असं सांगून रस्त्याच्या कडेलाच ब्लेडने फिल्म खरडायला लावणारे खाकीवाले मनाने बोलत नाहीत. अविषेक गोएंका यांच्या जनहित याचिकेवर 27 एप्रिल 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीश कपाडिया, न्या. पटनाईक आणि न्या. स्वतंत्र कुमार यांच्या पीठाने निकाल दिला. त्यात टक्केवारी कितीही असो, काचेवर फिल्म चिकटवायलाच बंदी घातली गेली. 4 मे पासून अंमल सुरू झाला. सूट फक्त झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांना. गुन्हे आणि अपघात ही कारणं न्यायालयाने दिली, आणि त्या वेळच्या नियमाच्या शब्दांत ते बसत होतं: काच जशी कारखान्यातून येते, तशीच सत्तर आणि पन्नासची हवी.

पण पुढे नियमच बदलला. 2020 मध्ये नियम 100 मध्ये दुरुस्ती होऊन सुरक्षा-काचेबरोबर, आतल्या बाजूने प्लास्टिकचा थर असलेल्या काचेलाही जागा मिळाली. ही दुरुस्ती 1 एप्रिल 2021 पासून लागू आहे आणि त्यासाठी आयएस 2553 भाग 2 हे भारतीय मानक आहे. सप्टेंबर 2024 मध्ये केरळ उच्च न्यायालयाचे न्या. नागरेश यांनी याच आधारे म्हटलं की मानकात बसणारी आणि सत्तर-पन्नासची मर्यादा पाळणारी फिल्म लावल्याबद्दल दंड करता येणार नाही. हा निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नाही, आणि 2012 चा निकाल कुणी रद्द केलेला नाही. म्हणून उद्या घनसावंगीच्या चौकात पावती फाटणारच नाही अशी हमी मी देत नाही. पण बदललेल्या नियमाला जुन्या निकालाचं कुलूप लावून बसणं हा कायदा नव्हे, सवय आहे.

यातला विरोधाभास आपल्या दारातच आहे. जालन्याहून संभाजीनगरला जाताना चिकलठाणा लागतं. तिथे आणि पलीकडे वाळूजला गरवारे हायटेक फिल्म्सचे कारखाने आहेत. गाडीच्या काचांवरची ऊनरोधक फिल्म तिथे बनते आणि अमेरिकेला जाते. आपल्या माणसांच्या हातून तयार झालेली फिल्म टेक्ससमधल्या शेतकऱ्याच्या पिकअपला चालते. ती बनवणारा कामगार सुट्टीला घनसावंगीला येतो, तेव्हा त्याच्या गाडीला मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातली रंगीत पन्नी लागलेली असते, जी दोन उन्हाळ्यांत जांभळी पडते आणि फुगे धरते.

मग लावायचं काय? पुढच्या काचेला हात लावू नये. तिच्यात मुळातच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पदर असतो आणि तो अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवतो. मागच्या काचेलाही नको. तिच्यावर धुकं घालवणाऱ्या तारा असतात, आणि फिल्म खरडायची वेळ आली की त्या तारा ब्लेडबरोबर निघून येतात, मग पावसाळाभर मागचं दिसत नाही. बाजूच्या चार काचांना सत्तरच्या खाली न जाणारी सिरॅमिक फिल्म लावावी. बिलावर फिल्मचं नाव, प्रकाश सोडण्याची टक्केवारी आणि आयएस मानक लिहून घ्यावं. दुकानदार लिहून देत नसेल तर त्याची फिल्म काय आहे ते कळलं. काचेच्या खालच्या कोपऱ्यातला कोरलेला शिक्काही एकदा पाहून ठेवावा. सावलीत गाडी लावणं आणि निघताना दोन मिनिटं चारही दारं उघडी ठेवणं याला पैसे पडत नाहीत, आणि उभ्या गाडीला त्याने जो फरक पडतो तो कोणत्याही फिल्मने पडत नाही.

पोलिसांकडूनही एक अपेक्षा आहे. काचेतून किती टक्के प्रकाश जातो हे मोजणारं यंत्र हातात मावतं. एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला डोळा, मध्ये काच, क्षणात आकडा. दारू पिऊन चालवणाऱ्याला नळीत फुंकायला लावल्याशिवाय पावती करत नाहीत, मग काचेचा निवाडा नुसत्या नजरेने का? जालन्याच्या आरटीओकडे आणि प्रत्येक तालुक्याच्या ठाण्यात एकेक असलं की पुरे. आणि मोजणी सुरू करायचीच तर घनसावंगीच्या बाजारात मोसंबीचे कॅरेट उतरवणाऱ्या पिकअपवाल्यापासून करू नये. पंचायत समितीची बैठक असेल त्या दिवशी आवारात उभ्या असलेल्या पांढऱ्या गाड्यांपासून करावी. त्यातल्या एकाही गाडीच्या मालकाला झेड सुरक्षा नाही.