हुशार पोराला पुढच्या इयत्तेत ढकलू नका

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत गणिताला पहिल्यापासून मान. आमच्या लहानपणी शुभंकरोति झालं की पाढे, मग पावकी, निमकी, दिडकी, अगदी औटकीपर्यंत. आता मूल गणितात चमकलं की सहावीतच फाउंडेशन बॅच. मला हे पटत नाही.

माझी नात सातवीत आहे. नेहमी १०० पैकी १००. परवा म्हणाली, "आजोबा, गणित बोअर होतं." चिरंजीव लगेच म्हणाले, आठवीचं पुस्तक आणू. म्हटलं, अरे, सातवीचं सोपं जातं तसं तिला आठवीचंही जाईल. वर्षभराने पुन्हा तेच रडगाणं. आणि कधीच न अडलेलं मूल अकरावीत पहिल्यांदा अडलं, की त्याला वाटतं आपली हुशारीच संपली.

मग मी तिला आमच्या बँकेतली एक गोष्ट सांगितली. कॉम्प्युटर नव्हते तेव्हा लेजर जुळेना आणि फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला, की आम्ही आधी अंकांची अदलाबदल शोधायचो. म्हणजे ५४ च्या जागी कोणी ४५ लिहिलंय का. युक्ती सगळ्यांना पाठ. पण ९ च का? हे तिने शोधायचं. दोन दिवस लागले. चिडली, रुसली, पण उत्तर कोणी सांगितलं नाही. दशकातला अंक एककात आला की दर एकामागे १० चा १ होतो, ९ कमी पडतात, हे तिचं तिनेच काढलं. तो चेहरा १०० मार्कांना कधी दिसला नव्हता.

पुढची पायरी देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६). कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा. उत्तराचं पुन्हा तसंच. (उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य लावा.) जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतं. १९४७ घेऊन बघा, पाच वजाबाक्या लागतात.

कोणी म्हणेल, जेईईला वेग लागतो. मान्य, पण त्याचा सराव अकरावी-बारावीत होतो. आणि आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये एका दिवशी साडेचार तासांत गणितं किती? फक्त तीन. म्हणजे एकाला दीड तास. तिथे अडून बसायची सवयच कामाला येते.

म्हणून आई-बाबांना, आजी-आजोबांना विनंती. त्याच इयत्तेचा विषय खोलात न्या. उत्तरापेक्षा "कसं काढलंस?" विचारा. चार दिवस अडलं तर अडू द्या. आणि पाहुण्यांसमोर "सतराचा पाढा म्हणून दाखव" हे कृपा करून बंद करा.

आता घरी नातवंडांना विचारा, कापरेकरांचा खेळ तीन अंकी संख्येने केला तर कुठे थांबतो? आणि दोन अंकीने थांबतो तरी का? उत्तर मी लिहीत नाही. तुम्हीही लगेच सांगू नका.