पाच टक्क्यांची खाज

"ताई, आपल्या बोर्डात जाम दम आहे. नुसता पडून आहे!"

रविवारचा पहिला चहा हातात होता. बोर्ड म्हटलं की मला वाशीचं दहावी-बारावीचं बोर्डच आठवतं. पण धाकटा बोलत होता आमच्या गेमिंग पीसीच्या मदरबोर्डबद्दल. 'आमच्या' म्हणजे, रात्री तो त्यावर गेम खेळतो आणि दिवसा मी त्यावर पोट भरते. लेख, मुलाखतींचं रेकॉर्डिंग, व्हिडिओ एडिटिंग, सगळं त्या एकाच डब्यात. त्यामुळे 'ओव्हरक्लॉकिंग' ऐकताच पोटात गोळा आला.

फंडा तसा सोपा आहे. प्रोसेसरचा वेग म्हणजे बेस क्लॉक गुणिले मल्टिप्लायर. आमचा बेस क्लॉक 100 मेगाहर्ट्झ, मल्टिप्लायर 36, म्हणजे मूळ वेग 3.6 गिगाहर्ट्झ. बायोसमध्ये 36चे 40 केले की झाले 4. फुकटात! अर्थात, मदरबोर्डाने परवानगी दिली तर. काही बोर्डांवर ही सोय कुलूपबंदच असते. आणि असली, तरी प्रोसेसरला वीज पुरवणारे बोर्डावरचे व्हीआरएम किती ताप सोसतात, यावर पुढचं सगळं अवलंबून.

हे वेड जुनंच. 1998 साली इंटेलचा सेलेरॉन 300ए आला. बस 66 मेगाहर्ट्झ, मल्टिप्लायर साडेचार. मल्टिप्लायर लॉक होता, पण अबिटच्या बीएच6सारख्या मदरबोर्डवर बस 100 करता यायची आणि 300चा प्रोसेसर अनेकदा 450वर पळायचा. थेट दीडपट! लॅमिंग्टन रोडच्या वाऱ्या केलेला आमचा मामा हा किस्सा अजून रंगवून सांगतो. धाकट्याला खाज सुटली ती तिथूनच.

रात्री कोपरखैरण्याच्या घरात एसी 24वर लावून आमची परीक्षा सुरू झाली. एकेक पायरी चढायची, स्ट्रेस टेस्ट लावायची, तापमान बघायचं. 4.0ला 1.20 व्होल्ट पुरले. 4.1ला मशीन हँग. व्होल्टेज वाढवलं, चाललं. 4.2साठी 1.35 द्यावे लागले. तासभर टेस्ट, तापमान 80 अंश, पण मशीन पडलं नाही.

"बघ!" धाकटा.

"आणि एसीचं बिल कोण भरणार?" आई.

सोमवार दुपार. मे महिना, एसी बंद, खोलीत 34 अंश. पंखा हवा फिरवतो, ती थंड करत नाही. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तितकाच जास्त तापतो. आमच्या स्वस्तातल्या बोर्डावर व्हीआरएमला हीटसिंकही नाही. मी एक व्हिडिओ एक्स्पोर्टला लावून बाजूला 800 शब्दांचा लेख लिहीत होते. पाचची डेडलाइन. चार वाजता स्क्रीन काळी! मशीन पुन्हा सुरू झालं तेव्हा लेखाचे 200 शब्द शिल्लक होते.

धाकट्याने फोनवर सांगितलं तसं बायोसमध्ये जाऊन 4.0वर आले, 600 शब्द पुन्हा लिहिले आणि सव्वासहाला पाठवले. संपादक काहीच बोलले नाहीत. फ्रीलान्सर मंडळींना त्याचा अर्थ बरोबर कळेल.

रात्री हिशेब मांडला. 4.0वरून 4.2, म्हणजे वेग वाढला 5 टक्के. दहा मिनिटांचा एक्स्पोर्ट साडेनऊ मिनिटांत. पण वीज वाढते व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. 1.20चे 1.35 केले की प्रोसेसर सुमारे 33 टक्के जास्त वीज खाणार आणि तेवढाच तापणार. अर्ध्या मिनिटासाठी! शिवाय जादा व्होल्टेज चिपला अकाली म्हातारं करतं. 2024मध्ये खुद्द इंटेलला 13व्या आणि 14व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर वाढीव व्होल्टेजमुळे अस्थिर होतात हे मान्य करावं लागलं, सुधारणा द्यावी लागली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. आजचे प्रोसेसर गरजेप्रमाणे स्वतःच वेग वाढवतात. 1998ची मलई कंपन्या आता आधीच काढून घेतात.

तुमच्या घरीही असा धाकटा असेल, तर करू दे त्याला हौस. फक्त परीक्षा रात्रीच्या एसीत नको, भर दुपारी घ्या. बोर्डाचा दम तेव्हाच कळतो. व्होल्टेज फारसं न वाढवता जिथवर जाता येईल, तिथे थांबा. वॉरंटीचा कागद आधी वाचा. मशीन सुरूच होईना, तर वीज बंद करून बोर्डावरचा नाण्याएवढा सेल थोडा वेळ काढून ठेवा, बहुतेक वेळा बायोस मूळ पदावर येतो.

आमचं मशीन आता 4.0वर, कमी व्होल्टेजवर मजेत आहे. धाकटा जानेवारीच्या थंडीची वाट बघतोय. आणि मी? दर परिच्छेदानंतर कंट्रोल-एस दाबतेय.