चौकटीतून पुस्तकाकडे

घरातील वृद्ध माणूस सकाळी वर्तमानपत्रातील शब्दकोडे सोडवीत बसला की कुटुंबीयांना हायसे वाटते. बुद्धी शाबूत राहील, असा सर्वांचा समज असतो. या समजाला मर्यादा आहे. कोडी सोडवून माणूस कोडी सोडवण्यात तरबेज होतो, एवढे निश्चित. परंतु त्यामुळे स्मृतिभ्रंश टळतोच, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. मग कोडी कशासाठी, असे तुम्ही विचाराल. माझ्या मते त्यांचा खरा उपयोग दुसराच आहे. कपाटात वर्षानुवर्षे मिटून पडलेली कादंबरी पुन्हा उघडायला ती निमित्त होतात.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत एलिझाबेथ किंग्जली नावाच्या, साठी ओलांडलेल्या बाईंनी 1934 साली ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ या साहित्यविषयक साप्ताहिकासाठी एक नवा कोडेप्रकार रचला. लोकांनी जुन्या अभिजात साहित्याकडे पुन्हा वळावे, ही त्यांची तळमळ होती. त्यांच्या कोड्यात उत्तरांची अक्षरे क्रमांकानुसार चौकटीत भरत गेले की एखाद्या साहित्यकृतीतील उतारा हळूहळू उमटे, आणि उत्तरांची पहिली अक्षरे ओळीने वाचली की लेखकाचे व कृतीचे नाव मिळे. पहिल्याच कोड्यातून टेनिसनच्या ‘युलिसिस’मधील ओळी निघाल्या. ती कविता वार्धक्यातही स्वस्थ न बसणाऱ्या एका राजाची आहे, हा योगायोग मला फार आवडतो.

मराठीत असे कोडे घरच्या घरी रचता येते, मात्र आपल्या लिपीचे स्वतःचे नियम आहेत. एका चौकटीत मात्रेसह पूर्ण अक्षर बसते. त्यामुळे ‘मृत्युंजय’ चार चौकटींत मावते आणि ‘बनगरवाडी’ला सहा लागतात. उभा आणि आडवा शब्द जिथे छेदतात तिथे ‘ल’ असून भागत नाही, ‘ली’ हवी असेल तर ‘ली’च हवी. म्हणून नवशिक्याने जाळीदार कोड्याच्या नादी न लागता किंग्जलीबाईंची पहिल्या अक्षरांची युक्ती उचलावी. गो. नी. दांडेकरांची ‘पडघवली’ घ्या. दिवाळीत उंबऱ्याशी तेवते ती पणती, शाळेत खाऊ नेण्याचा डबा, न्हाणीघरातील तांब्याचे घंगाळ, पाट्याचा सोबती वरवंटा. ‘ली’ने सुरू होणारा शब्द शोधताना मात्र दमछाक होते, तिथे म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ धावून येते. उत्तरे मिळाली की कोकणातील त्या गावाचे नाव समोर उभे राहते. पण त्याआधीच घंगाळावरून बोलणे सुरू झालेले असते, आणि ते थांबवण्याची घाई कोणी करू नये.

संकेत कसा द्यावा, यावर बरेच अवलंबून आहे. ‘बनगरवाडीचे लेखक कोण?’ हा प्रश्न पुस्तक न वाचताही सुटतो, म्हणून तो निरुपयोगी. त्याऐवजी ‘मास्तरांच्या पुढाकाराने वाडीत उभी राहते, तीन अक्षरे’ असे विचारा. ‘तालीम’ हे उत्तर आठवले तर आनंद आहे. नाही आठवले तर पुस्तक आणून पाने चाळावी लागतात. चाळता चाळता अंजी भेटते, आयबू भेटतो, आनंदा रामोशी भेटतो, आणि तासभर कसा गेला ते कळत नाही. उत्तर पुस्तकात पाहण्यास या खेळात पूर्ण मुभा असावी. किंबहुना तोच त्याचा हेतू आहे.

कादंबरी मात्र त्यांच्या तारुण्यातील निवडावी. विसरण्याच्या आजारात बहुधा अलीकडच्या आठवणी आधी पुसट होतात, तरुणपणीच्या बराच काळ टिकतात. काल काय जेवलो हे न सांगू शकणाऱ्या आजी रमाबाई आणि माधवराव पेशव्यांविषयी रंगून बोलू शकतात.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. ‘आबा, आठवतं का?’ हा प्रश्न प्रेमाने विचारला तरी ऐकणाऱ्याला तो परीक्षेसारखा बोचतो. उत्तर सुचले नाही की माणूस ओशाळतो, दुसऱ्या दिवशी ‘डोळे दुखतात’ म्हणून कोडे दूर सारतो, आणि आपण समजतो की त्याला गोडी उरली नाही. त्यापेक्षा ‘आबा, मला हे अडलंय, जरा पाहता का?’ असे म्हणून पाहा. पेन्सिल त्यांच्या हाती द्या, गुण मोजू नका, घड्याळ लावू नका. चौकटी मोठ्या आखा, शाई गडद ठेवा. वाचणे जमत नसेल तर संकेत तुम्ही वाचा आणि उत्तर मिळाल्यावर त्या कादंबरीचे एखादे पानही मोठ्याने वाचा. एखादा शब्द न सुचणे वयोमानाने घडतेच. परंतु अचानक बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा एका हातातील शक्ती गेली, तर कोडे तसेच टाकून तत्काळ रुग्णालय गाठावे.

आता या पंधरवड्यासाठी एक छोटे कोडे. भाजीवाल्याकडे पूर्वी ही वर फुकट मिळे, चार अक्षरे. चंदन हिच्यावर उगाळतात, तीन अक्षरे. पोळपाटाचा जोडीदार, तीन अक्षरे. तिन्हींची पहिली अक्षरे जोडली की 1963 साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचे नाव मिळेल. तिचा नायक खानदेशातून पुण्याला शिकायला येतो. त्याचे नाव पाच अक्षरी आडनावासह आठवत नसेल, तर घरातील नातवंडाला ग्रंथालयात पाठवा. उत्तरे पुढील अंकात.