सॅक सगळ्यात शेवटी घ्यावी

दोन दिवसांच्या ट्रेकला नव्याने निघालेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो साठ लिटरची सॅक घेण्याचा. पुढेमागे हिमालयात जायचे झाले तर तीच कामी येईल, सामान भरायला ऐसपैस जागा राहील, पट्ट्यांना जाड फोम असला की खांदे दुखणार नाहीत, आणि पाठीवर वजन घेऊन चालायची सवय झालेली बरी, अशी त्यामागची कारणे सांगितली जातात. सल्ला देणारी माणसे बहुतेक वेळा अनुभवी असतात आणि त्यांचा हेतूही चांगला असतो, म्हणून कोणी उलटतपासणी करत नाही. ती करायला हवी. माझ्या मते सह्याद्रीतल्या शनिवार-रविवारच्या भटकंतीला तीस ते चाळीस लिटरची, रिकामी असताना सव्वा किलोच्या आत भरणारी आणि आपल्या पाठीच्या मापाला बसणारी सॅक पुरते. आणि तीही आधी नाही, बाकीचे सगळे सामान ठरवून, तोलून झाल्यावर घ्यावी.

आधी हिशेब पाहू. डिसेंबरातला हरिश्चंद्रगडाचा एक मुक्काम धरला, तर थंडीपुरती स्लीपिंग बॅग एक ते सव्वा किलो, खाली अंथरायची मॅट चारशे ग्रॅम, स्वेटर किंवा जॅकेट आणि बदलायचे कपडे मिळून एक किलो, कोरडा खाऊ एक किलो, टॉर्च, औषधे, शिट्टी, चाकू, दोरी अशा किरकोळ वस्तू पाऊण किलो, आणि तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो. बेरीज सव्वासात किलोच्या आसपास जाते. पाचनई किंवा खिरेश्वरसारख्या पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी मिळते, तेव्हा स्टोव्ह, भांडी आणि शिधा वाहून नेण्याचे कारण उरत नाही. हे सगळे पस्तीस लिटरमध्ये आरामात बसते. आता साठ लिटरची, भक्कम फ्रेमची सॅक रिकामीच दोन ते अडीच किलो भरते. म्हणजे एकूण ओझ्याचा चौथा हिस्सा नुसत्या पिशवीचा! शिवाय पिशवीत जागा रिकामी दिसली की हात थांबत नाही. जीन्सची दुसरी पँट, मोठा टॉवेल, 'असू दे' म्हणून घेतलेले जादा बूट असे करत करत ती बारा किलोंवर जाते. 'मोठी सॅक घेऊन त्यात कमी सामान भरायला काय हरकत आहे' असे विचारणाऱ्यांना हे उत्तर आहे. त्यांच्यातला एखादा संयमी माणूस खरोखरच कमी भरेलही, पण मग अर्ध्या रिकाम्या सॅकमध्ये सामान खाली साचते, पाठीपासून दूर लोंबते आणि पावलागणिक हलत राहते.

हलक्या सॅकची बाजू मांडणारे बरेच जण एक युक्तिवाद करतात, तो मात्र सोडून द्यावा असे मला वाटते. वजन जास्त असले की दम लवकर संपतो, असे ते म्हणतात. थोडे गणित करू. एक किलो वजन हजार मीटर उंच चढवायला साधारण दहा किलोज्यूल काम करावे लागते. आपले स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी चौथ्या हिश्श्याच्या आसपासच कामात उतरवतात, हे धरले तरी खर्च दहा किलोकॅलरीच्या आत राहतो. एवढी ऊर्जा अर्ध्या बिस्किटात असते. पाच किलो वाचवले तरी चढाईच्या हिशेबात हा फरक मूठभर शेंगदाण्यांनी भरून निघेल. तेव्हा नुसत्या ऊर्जेच्या आधारावर हलक्या सॅकचा पुरस्कार केला तर तो टिकणार नाही.

तो टिकतो गुडघ्यांवर आणि तोलावर. पायऱ्या उतरताना दर पावलाला गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीच्या आसपास भार येतो. पाठीवरचे ओझे त्या वजनातच मोडते. आणि सह्याद्रीत उतार हा नेहमी थकल्यानंतर, रविवारी दुपारी, घसाऱ्यावरून करायचा असतो. अपघाताची खरी वेळ तीच. तोलाचेही तसेच आहे. गुंजवण्यातून चोरदरवाज्याने राजगड चढणाऱ्याला ही गोष्ट शब्दांत सांगावी लागत नाही. शेवटच्या टप्प्यात कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि आधाराला लोखंडी रेलिंग आहे. त्या संपतात तिथे दरवाजा इतका ठेंगणा की वाकूनच आत शिरावे लागते, आणि लगेच पुन्हा पायऱ्या चढून पद्मावती माचीवरच्या तलावाजवळ बाहेर निघायचे. डोक्याच्या वर वीतभर निघालेली सॅक त्या दगडी चौकटीला थडकते आणि वाकलेल्या माणसाला मागे ढकलते. मागे दरी असते. दोन्ही बाजूंना बाटल्या आणि गुंडाळलेली मॅट लटकवलेली असेल तर रेलिंगमध्ये अडकून खोळंबा होतो तो वेगळाच. नळीच्या वाटेच्या कातळटप्प्यांवर किंवा सांदण दरीतल्या अरुंद जागी हेच घडते. तिथे सॅक पाठीला चिकटलेली आणि खांद्यांच्या रुंदीत मावणारी हवी. ही सोयीची बाब आहेच, पण त्याआधी सुरक्षिततेची आहे.

आता आरामाकडे येऊ. जाड फोम म्हणजे आराम ही समजूत दुकानात पक्की होते, कारण तिथे रिकामी सॅक पाठीला लावून आरशात पाहिली जाते. रिकामी सॅक कोणालाही टोचत नाही. वजन खांद्यांवरून कमरेच्या हाडावर उतरले की आराम मिळतो, आणि ही गोष्ट आता सत्तर वर्षांची जुनी आहे. अमेरिकेत डिक केल्टी यांनी 1952 साली ॲल्युमिनियम फ्रेमच्या सॅक बनवून विकायला सुरुवात केली. फ्रेमची टोके पँटच्या मागच्या खिशांत खोचली तर खांद्यांचा भार एकदम हलका होतो, हे त्यांच्या डोंगरातल्या सोबत्याच्या लक्षात आले आणि त्यातून कमरपट्टा पुढे आला, अशी त्यामागची हकीकत सांगितली जाते. पण कमरपट्टा कमरेवर यायचा तर सॅकची पाठ आपल्या पाठीएवढी पाहिजे. मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी एक मणका ठळक हाताला लागतो. दोन्ही हात कमरेच्या हाडावर, अंगठे मागे करून ठेवले की अंगठ्यांना जोडणारी रेषा मिळते. मणक्यापासून त्या रेषेपर्यंतचे अंतर हे आपले माप. उंचीवरून ते कळत नाही, सारख्या उंचीच्या दोन माणसांत ते चांगले दोन-तीन इंच वेगळे असू शकते. स्त्रियांची पाठ बहुधा आखूड असते, आणि त्यांच्या हाती सर्रास पुरुषांच्या मापाची सॅक दिली जाते. मग पट्टा कमरेऐवजी मांड्यांशी घासतो आणि सगळे ओझे खांद्यांवर राहते. फोम कितीही जाड घातला तरी ही चूक दुरुस्त होत नाही. उलट आपल्या पावसाळ्यात तो फोम पाणी पितो आणि घरून निघालेली सॅक परतताना आणखी जड होते. वरून घालायच्या रेनकव्हरच्या तळाशीही पाणी साठते, म्हणून सामान आतून जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधणे जास्त भरवशाचे.

हलक्या सॅकवरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा, की वजन कमी करण्याच्या नादात माणसे तयारीच कमी करतात. हा आक्षेप मला मान्य आहे. परदेशी वाटांवरचे सल्ले जसेच्या तसे उचलून अर्ध्या लिटरची बाटली आणि गाळणी घेऊन निघणारे लोक आहेत. त्या वाटांवर वर्षभर ओढे वाहतात. आपल्याकडे होळीपर्यंत बहुतेक ओढ्यांचे दगड उघडे पडतात, मे महिन्यात कित्येक टाक्यांचा तळ दिसतो, आणि उन्हाच्या तडाख्याने माणसे दगावतात. पाणी, टॉर्च, औषधे, पावसाचे जॅकेट यांतला एक ग्रॅमही कमी करू नये. उलट सॅकचे दीड किलो वाचले तर त्या जागी दीड लिटर पाणी जास्त नेता येते. काटछाट करायची ती पिशवीच्या वजनाची, दुहेरी वस्तूंची आणि भिजल्यावर न वाळणाऱ्या सुती कपड्यांची.

दुसरा आक्षेप कापडाचा: पातळ सॅक करवंदीच्या जाळीत आणि कातळावर फाटते. धाग्याची जाडी डेनिअरमध्ये मोजतात, म्हणजे 9000 मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. तीस-चाळीस डेनिअरचे कापड आपल्या रानात टिकणार नाही, हे खरेच आहे. पण दोनशे डेनिअरच्या आसपासच्या नायलॉनला, तळाशी जाड कापड लावलेले असेल तर, चांगली वर्षे काढायला अडचण येत नाही. हलकी म्हणजे कागदासारखी, असा अर्थ कोणी काढू नये.

हिमालयाच्या तयारीचा मुद्दा एका ओळीत निकालात निघतो: सरावासाठी वजन हवे असेल तर सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून चढावे आणि माथ्यावर पाणी ओतून द्यावे. पायांना सराव मिळतो आणि उतरताना गुडघे वाचतात. राहिला प्रश्न जड ओझ्याच्या प्रतिष्ठेचा. महाराष्ट्रात चालण्याची सर्वांत मोठी परंपरा वारीची आहे. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरची वाट. दिंड्यांचे सामान ट्रकमधून पुढे जाते आणि वारकरी खांद्याला पडशी लावून चालतो. त्याच्या चालण्याला कोणी कमअस्सल म्हणत नाही.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच, की सॅक बघायला जाण्याआधी घरच्या वजनकाट्यावर सामान मोजा आणि त्याची यादी सोबत घ्या. एक दिवसाचाच ट्रेक असेल आणि ओझे चार-पाच किलोंच्या आत असेल, तर घरात असलेली कॉलेजची बॅगही चालेल, खर्च करू नका. मुक्कामाची सॅक घेताना दुकानदाराला तिच्यात सात-आठ किलो वजन भरायला सांगा, कमरपट्टा आवळा आणि पंधरा-वीस मिनिटे जिने चढा-उतरा. एवढे करू द्यायला जो दुकानदार तयार नसेल, त्याच्याकडून सॅक घेऊ नका.